दसऱ्यापर्यंत जनरेटर पॉइंट

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

नाना काल हॉस्पिटलमधून घरी आले. सोबत ऑक्सिजनचं मशीन. दिवसातला बहुतेक वेळ ते चालू राहिलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. मशीन विजेवर चालतं. वीज डोंबिवलीची.

आज दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टर लागला. आमच्या इन्व्हर्टरचं वय झालेलं आहे. त्याने मशीनचा भार थोडा वेळ पेलला, एक लांब शिट्टी मारली आणि देह ठेवला. नानांचे ओठ निळसर दिसायला लागले. माझी बायको सुहासिनी त्यांना बसतं करून पाठ चोळत राहिली. मी आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक घडी करून वारा घालत राहिलो. (पान तीन, माझीच बातमी.) लाईट आली तरी मी वारा घालतच होतो. एकदा लय लागल्यावर लगेच थांबता येत नाही.

संध्याकाळी वल्लरीचा फोन. बहीण धाकटी, पण ठाण्यात कोलशेतच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून थोरलीसारखी बोलते. म्हणाली, दादा, आमच्याकडे लिफ्टसकट फुल बॅकअप आहे, नानांना इकडे आण. मी म्हटलं, नाना हे घर सोडून कुठेही जाणार नाहीत. तर म्हणते, तू विचारलंस का त्यांना? काही गोष्टी विचारायच्या नसतात. मुलाला कळतात.

दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. तोवर सोय झाली नाही तर ती स्वतः गाडी घेऊन येणार.

निश्चय: पोर्टेबल जनरेटर घ्यायचा आणि भिंतीत त्याचा कायमचा पॉइंट बसवायचा. लाईट गेली की मागच्या बोळात जनरेटर सुरू, केबल पॉइंटला जोडली, घर चालू. आठवड्याचं काम. मुदत उगाच लांबची मागितली.

१ सप्टेंबर, सोमवार

अभ्यास सुरू. एम.ए.ला न्यायशास्त्र होतं त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. अभाव चार प्रकारचा. लाईट येण्यापूर्वी नसते तो प्रागभाव. गेल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव. बाकीचे दोन आपल्याकडे अजून यायचे आहेत. सुहासिनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आणि मशीन बंद पडल्यावर नानांना जे होतं त्याला काय म्हणतात? शास्त्रचर्चेत असं मध्ये बोलायचं नसतं.

व्हिडिओ पाहिले. सगळे अमेरिकन. त्यांच्या घरामागे हिरवळ आणि खिडकीत कुत्रा. आमच्या तळमजल्यामागे गटाराचा बोळ आणि वरच्या मजल्यावरच्या शीलाताईंची खिडकी. तत्त्व एकच.

यातली मुख्य वस्तू म्हणजे चेंजओव्हर स्विच. दांडा इकडे केला की घर रस्त्यावरच्या लाईनवर, तिकडे केला की जनरेटरवर. दोन्हीवर एकदम कधीच नाही. तो नसेल तर आपली वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर काम करणारा माणूस मरू शकतो. हे वाचून जबाबदारीची जाणीव झाली. काम शास्त्रशुद्धच होणार.

सुहासिनीचा पूर्वपक्ष: एवढं कशाला? एक लांब एक्स्टेन्शन घ्या, जनरेटर मागे ठेवा, मशीन लावा, झालं. उत्तरपक्ष: आपल्याला तात्पुरता उपाय नकोय. शिवाय एक्स्टेन्शन आहेच घरात, ते काय पळून जातंय?

नानांनी विचारलं, वल्लरीच्या गॅलरीत खाडीचं वारं अजून येतं का रे? बिचाऱ्यांनी धास्ती घेतली आहे. मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, नाना, मी आहे ना.

त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. धीर आला असावा.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी.

मॉडेल ठरलं. पेट्रोलचा, सुटकेसएवढा, हाताने नेता येईल असा. उद्याच कल्याणला जाऊन आणणार.

रात्रीची टीप: उद्या ग्रहण. परवापासून पितृपक्ष. हे आधी लक्षात आलं असतं तर आजच आणला असता. आज विसर्जनामुळे रस्ते बंद होते, म्हणजे आणला नसताच. मनाला बरं वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही. मी अंधश्रद्ध नाही. पण ज्या वस्तूवर वडिलांचा श्वास अवलंबून, ती पितरांच्या पंधरवड्यात घरात आणणं मनाला पटेना. नानांनाही तसं सांगितलं. म्हणाले, मध्या, पितर व्हायला मला अजून वेळ आहे, पण तू असाच थांबलास तर होईन.

त्यांची विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून फार बरं वाटलं.

लाईट दुपारी दोनदा गेली. सुहासिनी बाहेर पडली आणि रिक्षातून ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आली. भाड्याने. मी पितृपक्षाची आठवण करून दिली. ती म्हणाली, विकत कुठे घेतलाय? हा मुद्दा मलाही सुचलाच असता. सिलिंडर भरून आणायची जबाबदारी मात्र मी आपणहून अंगावर घेतली. घरात कामाची वाटणी असावी.

१४ सप्टेंबर, रविवार

शीलाताईंना भेटलो. सोसायटीच्या सेक्रेटरी. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर उभं राहिलं की पन्नाशीतही गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, मधुकरराव, तुमचा धूर माझ्या खिडकीत येणार का? मी वाऱ्याची दिशा आणि धुराचा स्वभाव यांवर सविस्तर बोललो. त्या म्हणाल्या, म्हणजे येणार. मग विचारलं, नानांना रात्री झोप लागते का? मी म्हटलं, छान लागते. त्या म्हणाल्या, मला वरून खोकला ऐकू येतो. बसवा तुमचा पॉइंट. मी खिडकी लावून घेईन.

माझ्या युक्तिवादाचा विजय.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

जनरेटर आला! कल्याणहून रिक्षाने. मांडीवर घेऊन बसलो होतो. रिक्षावाला म्हणाला, बाळाला नीट धरा काका. लाल रंग, काळं हँडल. नानांच्या खोलीत नेऊन दाखवला. नाना आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आलेला माल तपासायची सवय जात नाही. त्यांनी वरून खालून पाहिला आणि म्हणाले, माल चांगला आहे. लावणार कोण?

कमलेशला फोन केला. आमचा इलेक्ट्रिशियन. म्हणाला, सर, टेन्शन नका घेऊ, फक्त नवरात्र होऊ द्या, तीन मंडळांचं गरब्याचं लाइटिंग माझ्याकडे आहे. मी म्हटलं, अरे, दसऱ्याला बहीण येतेय. म्हणाला, मग तर मस्तच, ताईंना गरब्याचे पास देतो ना.

संपादकांना ठाण्याला फोन करून विजेच्या लपंडावावर खरमरीत मजकूर देतो म्हटलं. म्हणाले, दे, पण दोन ओळींत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कमलेश आला. ड्रिल लावलं, भिंतीला आरपार भोक पाडलं, चहा प्यायला आणि गेला. जाताना म्हणाला, मंडळात एक्स्टेन्शन कमी पडतायत, तुमचं नेऊ का? संपूर्ण बिल्डिंगमधली त्याने नेली. सार्वजनिक कार्य. दिलं.

अडचण: भोक बरोबर घटाच्या मागे निघालं. चेंजओव्हर तिथेच बसवायचा होता, कारण मीटरची वायर तिथून जाते. आता घट बसलेत. शेजारी अखंड दिवा. हलवायचं नाही. सुहासिनी म्हणाली, घट कुठे बसतात ते तुम्हाला सव्वीस वर्षांत दिसलं नाही का? म्हटलं, दिसलं होतं. पण त्या जागेकडे मी आजवर विद्युत दृष्टीने पाहिलेलं नव्हतं.

भोकातून गार वारा येतो. अखंड दिव्याला आडोसा म्हणून मी तासभर जुना अंक धरून बसलो. मग सुहासिनीने भोकात बोळा घातला.

२८ सप्टेंबर, रविवार

काम झालं! वायर घटाला वळसा घालून, दारावरून, नानांच्या कॉटवरून नेली. चेंजओव्हर न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या भिंतीवर. बाहेर बोळात पिनांचा बॉक्स, त्यावर झाकण. जनरेटरकडून येणाऱ्या केबलच्या टोकाला निळं सॉकेट, ते या पिनांवर दाबून बसवायचं. दिसतंय मात्र राजेशाही. वायर कॉटवर जराशी लोंबते. नानांनी तिच्यावर पंचा वाळत घातला. म्हणाले, निदान काहीतरी उपयोग.

पेट्रोल मात्र पंपवाले कॅनमध्ये देत नाहीत. नियम. मग जनरेटरच स्कूटरवर पायांत ठेवून पंपावर गेलो. पोऱ्याने आधी स्कूटरची टाकी उघडली, मग माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरला हाक मारली. मागून हॉर्न. कोणीतरी ओरडलं, काका, मिक्सर पण आणायचा ना. टाकी भरून घेतलीच.

कमलेश म्हणाला, चालू करून बघायचं का सर? मी नाही म्हटलं. बुधवारी खंडेनवमी. यंत्राची पूजा व्हायची, तो दिवस त्याला विश्रांती द्यायची आणि दसऱ्याला, वल्लरीच्या समोर, पहिल्यांदा सुरू करायचं. चार दिवसांसाठी पूजेआधी उष्टावण कशाला? कमलेश म्हणाला, तुमचं बरोबर आहे सर. आजवर या घरात हे वाक्य फक्त त्याने उच्चारलेलं आहे.

सिलिंडर भरून आणायचा आहे. दोन-तीनदा वापरला गेला. दसरा झाला की पहिलं काम तेच. तसाही यापुढे लागणार नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. सकाळ.

पूजा यथासांग. पाटावर जनरेटर, शेजारी केबल, निळं सॉकेट वर तोंड करून. घरातली सुरी, पक्कड, सुहासिनीची शिलाई मशीन, सगळं रांगेत. गंध, हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. कशावरही हात आखडला नाही. सॉकेटला तर विशेष, कारण सगळा प्राण तिथून जाणार. मंत्र मोठ्याने म्हटले. नानांनी आतून विचारलं, आमच्या मशीनची पूजा केलीस का? केली. बाहेरून. नळी न हलवता.

वल्लरीला फोन केला, उद्या ये, चमत्कार दाखवतो. म्हणाली, दादा, चमत्कार नको रे, लाईट असली तरी पुरे.

सगळं सिद्ध आहे. इतका शांत मी महिनाभरात नव्हतो.

१ ऑक्टोबर. संध्याकाळ.

लिहून ठेवलं पाहिजे. 

दुपारची जेवणं झाली आणि लाईट गेली. मेसेज आला, मोठा बिघाड, वेळ लागेल. सुहासिनीने नानांची नळी सिलिंडरला जोडली. काटा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. अर्ध्याच्या बराच खाली. मी म्हटलं, यंत्राला आज खरं तर विश्रांती असते. फक्त नोंद म्हणून म्हटलं. सव्वीस वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही.

जनरेटर मागे नेला. दोरी ओढली. ओढली. ओढली. सुरू झाला! बोळ दणाणला. मी ओरडलो, नाना, झालं!

मग निळं सॉकेट पिनांवर दाबलं. जाईना. वळवलं. जाईना. गुडघा लावून दाबलं. टॉर्च मारून आत पाहिलं. एका भोकात अक्षता. ओल्या गंधाबरोबर आत गेल्या, हळदीत फुगल्या आणि वाळून सिमेंट झाल्या होत्या. माझ्याच हाताने वाहिलेल्या.

जनरेटर बंद करून टूथपिकने टोकरलं. टूथपिक आत मोडलं. सुहासिनीची पिन घेतली, ती वाकली. सुहासिनी आतून विचारत होती, झालं का हो? मी म्हणत होतो, आलोच. पुन्हा विचारलं. आलोच. किती वेळा म्हटलं कोण जाणे. मग तिने विचारणं बंद केलं.

एक्स्टेन्शन आठवलं. ते गरब्यात. शेजारी विचारलं. त्यांचंही गरब्यात. कमलेशचा फोन लागेना. मी म्हटलं, मशीनच उचलून बोळात नेऊ. वरून शीलाताई म्हणाल्या, धुरातला ऑक्सिजन देणार का वडिलांना? आणि खिडकी बंद करून खाली आल्या. नानांच्या मागे उशी लावून बसल्या, त्यांचा हात धरून. मला म्हणाल्या, मधुकरराव, उन्हात उभे राहू नका, आत या.

मी गेलो नाही. आणखी एक पिन होती.

वल्लरी आली. सुहासिनीने लाईट गेल्या क्षणीच फोन केला होता. मला सांगितलं नव्हतं. सिलिंडरसकट नानांना गाडीत बसवलं. त्यांची पिशवी भरलेलीच होती. सुहासिनी म्हणाली, गेल्या महिन्यापासून भरलेली आहे, त्यांनीच भरायला सांगितली. हॉस्पिटलची राहिली असावी.

गाडीच्या खिडकीपाशी गेलो.  नाना धापा टाकत होते, तरी म्हणाले, मध्या, हात धू. हळद लागलीय सगळीकडे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

कोलशेतला गेलो, सोनं द्यायला. नाना गॅलरीत खुर्चीवर. नळी नाकात, खाली खाडी. चेहऱ्यावर रंग आलेला. त्यांना वल्लरीच्या मुलाने गेम लावून दिला होता, तो खेळत होते. माझ्यासाठी हसरा चेहरा ठेवला होता त्यांनी.

घरी कधी निघायचं, असं सहज विचारलं. म्हणाले, दिवाळी होऊ दे, मग बघू. मी वल्लरीला बाजूला घेऊन म्हटलं, तिकडची आठवण येते त्यांना. ती म्हणाली, हो का? मग दादा, तूच का नाही ये-जा करत?

तिला ठाण्याचं ट्रॅफिक माहीत नाही.

सोनं देताना नानांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी वल्लरी म्हणाली, नाना, दादाला उशीर होईल.

५ ऑक्टोबर, रविवार

कमलेश आला. सॉकेट उघडून साफ केलं. म्हणाला, सर, आतमध्ये अर्धी वाटी भात होता. अतिशयोक्ती. सुरू केलं. दांडा वर केला. नानांच्या खोलीतला दिवा लागला, पंखा फिरला. शास्त्रशुद्ध! कमलेश टाळ्या वाजवत होता. मी दारात उभा राहून कॉटकडे बघत होतो. गादी गुंडाळून ठेवलेली.

वल्लरीला मेसेज पाठवला: सिस्टीम कार्यान्वित. तिने अंगठा पाठवला.

निश्चय: दिवाळीच्या आत नानांना आणणं. सिलिंडरही भरून ठेवला आहे. नवा इन्व्हर्टर बघतो आहे. आता कोणी काही बोलू शकणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुहासिनी कालपासून कोलशेतला. नानांच्या गोळ्या लावून द्यायला गेली, दोन दिवस राहते म्हणाली.

दिवेलागणीला लाईट गेली. सगळी बिल्डिंग अंधारात. बोळात गेलो, जनरेटर पहिल्या ओढीत सुरू झाला. सॉकेट लोण्यासारखं बसलं. दांडा वर. दिवे लागले, पंखे फिरले, फ्रीज गुरगुरला. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून आमच्या खिडकीकडे बघत होती. महिनाभर डोळ्यांसमोर होतं तसं, तंतोतंत.

नानांना फोन लावला. म्हटलं, नाना, इथे लाईट गेलीय आणि तुमच्या खोलीतला पंखा चालू आहे. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, कोण, मधू का? मोठ्याने बोल. मी ओरडलो, पंखा चालू आहे! म्हणाले, काही ऐकू येत नाही रे, मागे कसला तरी आवाज येतोय. मग कर.

बाहेर जाऊन जनरेटर बंद केला. अंधारात भिंत धरत आत आलो आणि पुन्हा फोन लावला. वल्लरीने उचलला. म्हणाली, नाना आत्ताच झोपले. इकडे आल्यापासून त्यांना लवकर झोप लागते.